तिखट लागलेली अक्षरं

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, 'माझी शिक्षणसेवा'. मी म्हटलं, सेवा मी कधी केलीच नाही. नोकरी केली, पगार घेतला आणि पगार घेऊन भांडणं केली. भांडणांबद्दल लिहू का? ते म्हणाले, लिहा. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना आदर्श शिक्षिकेच्या आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पुढचं पान उलटावं. मला कुठला पुरस्कार मिळालेला नाही, आणि ज्यांना मिळाला त्यांच्यातल्या काहींच्या वर्गात मी डोकावून आलेली आहे.

माझं माहेर कोरीटचं, सासर नंदुरबारचं. सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर गेली. पहिली कोणालाच नको असते. पोरं रडतात, चड्डीत करतात, आईच्या मागे धावत सुटतात. त्यामुळे वर्गवाटपाच्या दिवशी सगळे पहिलीकडे पाठ करून बसायचे आणि मी हात वर करायचे. बाकीच्यांना वाटायचं बाईंना अक्कल कमी आहे. मला वाटायचं, पोराला पहिल्यांदा वाचता येतं तो क्षण माझ्या वर्गात घडतो. तो मी दुसऱ्याला कशाला देऊ?

शाळा शहराच्या टोकाला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील आणि नाक मुरडतील. रस्त्याच्या पलीकडे मिरचीच्या पथाऱ्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पथारी म्हणजे मोकळं सपाट मैदान, जिथे व्यापारी ओली लाल मिरची वाळायला पसरतात. दसऱ्यानंतर हे सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं. त्या दिवसांत आमच्याकडे शिकायचं म्हणजे खोकत शिकायचं. मिरचीच्या ढिगांशी बायका रांगेने बसून देठ खुडतात. त्यातल्या बऱ्याच जणी सातपुड्यातून कुटुंबासकट उतरलेल्या असतात, पथारीच्या कडेलाच ताडपत्रीच्या झोपड्या टाकून राहतात. त्यांची मुलं हंगामापुरती आमच्या शाळेत बसायची. शाळेत त्यांना 'पथारीची पोरं' म्हणत. म्हणताना आवाज थोडा खाली यायचा.

आता धंद्याचं सांगते. ज्याला वाचता येतं त्याला वाचायला शिकणं म्हणजे काय हे सांगणं अवघड असतं, कारण तो ते विसरलेला असतो. तुम्हाला 'ब' दिसतो तेव्हा 'ब'च दिसतो. सहा वर्षांच्या पोराला एक गाठोडं दिसतं, त्यातून एक दांडा निघालेला. शेजारचा 'व' म्हणजे तसंच गाठोडं, तसाच दांडा. डोळा फसतो. बोट सहसा फसत नाही. म्हणून मी अक्षरं खरखरीत करायचे. जाड पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरचं अक्षर कापून चिकटवायचं, आपण लिहितो त्याच दिशेने पोराने त्यावरून बोट फिरवायचं, आणि फिरवताना तोंडाने आवाज काढायचा. बोट, कान आणि डोळा एकदम कामाला लागतात. मग जमिनीवर खडूने तेच अक्षर मोठं काढायचं आणि त्यावर चिंचोके मांडायचे. मग बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहून ती सरकवत शब्द करायचे. एवढीच माझी सामग्री. पॉलिश पेपर घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले की दुकानदार विचारायचा, मॅडम, पुन्हा रंगकाम काढलं का? मी म्हणायचे, नाही, पहिलीची पोरं घासायची आहेत.

क्रमाने अक्षरं मी कधीच शिकवली नाहीत. त्यावरूनही बोलणी खाल्ली. मी म, र, ल आणि काना यांपासून सुरुवात करायचे, कारण एवढ्यात 'लाल' होतं, 'माल' होतं, 'मामा' होतं. नंदुरबारात माल म्हणजे मिरची, हे पथारीवरच्या पोराला कोणी सांगावं लागत नाही. घरी कोणी अहिराणी बोलतं, कोणी भिली, कोणी पावरी. मराठी त्यांना शाळेच्या फाटकात भेटते. पण 'माल लाल' एवढं ज्याने वाचलं त्याला आपण काहीतरी खरं वाचलं हे कळतं. पुस्तकातलं कमळ आमच्या पोरांनी पाहिलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सरकार साहित्य देत नव्हतं का? देत होतं. चांगली मोठी पेटी आली होती, रंगीत अक्षरं, ठोकळे, चित्रं, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी ती त्याच दिवशी लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. मोठे सर माणूस वाईट नव्हता. तापीकाठच्या गुजर घरातला, केळी आणि कापूस सांभाळून नोकरी करणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांचा एक हिशेब पक्का होता. वापरलं तर हरवतं, हरवलं तर जाब द्यावा लागतो, म्हणून वापरायचं नाही. महिन्याकाठी एकदा पेटी बाहेर निघायची, चार स्वच्छ पोरं तिच्याभोवती बसवून फोटो काढला जायचा, फोटो ग्रुपवर जायचा आणि पेटी परत कपाटात. पोरांना वाटायचं ती फोटोचीच वस्तू आहे. मी एकदा किल्ली मागितली तर सर म्हणाले, "बाई, तुमनं त्या पॉलिश पेपरवर चाली ऱ्हायनं ना? मंग हाई कसाले काढतस?"

माझ्या साहित्यावर गावातले लोकही कमी चिडत नव्हते. एक आजोबा होते, जुने बागायतदार, पांढरं धोतर, हातात काठी. नातवाची पाटी कोरी दिसली म्हणून ते थेट वर्गात आले. "आमना पोऱ्या आठे चिंचोका खेळाले येस का?" मी म्हटलं, आप्पा, बसा. त्यांना खाली बसवलं, डोळे मिटायला लावले आणि त्यांचं बोट धरून एका अक्षरावरून फिरवलं. कोणतं अक्षर? आप्पांना सांगता येईना. शेजारी त्यांचा नातू डोळे घट्ट मिटून बसला, बोट फिरवलं आणि म्हणाला, 'ल'. आप्पा उठताना एवढंच म्हणाले की पाटीही लिहून घेत जा. मी लिहून घेत होतेच, पण ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

आता रमिलाचं. हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठीच.

रमिला धडगावच्या वरच्या एका पाड्यातली. आठ वर्षांची असेल, पण पहिलीतच. दर हिवाळ्यात ती आईबरोबर पथारीवर यायची तेव्हा आम्ही तिला पहिलीत बसवायचो. होळीला परत गेली की तिथली शाळा पहिलीत बसवायची, कारण तोवर तिथलं अर्धं वर्ष बुडालेलं असायचं. दोन्हीकडे पहिली, आणि वाचता कुठेच नाही. मोठ्या सरांनी निकाल देऊन टाकला होता, "इन्हा डोकामा नही शे, बाई. ऱ्हाऊ द्या." खरखरीत अक्षर पुढे केलं की रमिला दोन्ही हात पाठीमागे न्यायची. ओरडून नाही, समजावून नाही, गोळी दाखवून नाही. हात पाठीमागे ते पाठीमागे.

तिची आई मोगीबाई. हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी ती पोरीला सोडायला आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बाई, यंदा शिकनी ते शिकनी. नही ते पुढला साल मन्हासंगे देठ खुडाले बसाडसू." बोलण्यात राग नव्हता. तिची बाजूही खरीच होती. दोन वर्षं पोरगी शाळेत जाऊन नुसती बसून येत होती, घरात आणखी एक धाकटी पोर होती, आणि खुडायला हात लागत होते. मी म्हटलं, शिकेल. कशाच्या जोरावर म्हटलं, मला माहीत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेब आले. तपासणीचे अधिकारी, नव्याने बदलून आलेले, इकडच्या हवेची सवय नसलेले, चष्मा लावणारे. मोठ्या सरांनी पेटी काढून ठेवलीच होती, पण साहेब माझ्या वर्गात शिरले तेव्हा पोरं आपापली अक्षरं घेऊन बसली होती. पुठ्ठे एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होते. साहेबांना आवडलं. खरंच आवडलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. ते खाली वाकले, फोटोसाठी एक 'म' हातात घेतला, त्यावरून दोनदा बोट फिरवलं, "छान, छान" म्हणाले. मग चष्मा काढला आणि डोळ्याचा कोपरा पुसला.

नंदुरबारात राहणाऱ्या माणसाला पुढचं सांगायला नको. पथारीवरची पोरं शाळेत येण्याआधी सकाळी आईबरोबर देठ खुडून येत होती. त्यांच्या बोटांचं तिखट पॉलिश पेपरच्या खरखरीत अंगात जाऊन बसलं होतं. आम्हा सगळ्यांच्या अंगातच मिरची मुरलेली, त्यामुळे इतके दिवस एखादा डोळा चुरचुरला तर कोणी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी हवा दमट होती, का पुठ्ठे जास्त फिरले, कोण जाणे. साहेबांनी डोळा पुसला आणि ते तिथेच बसले. त्यांच्याकडे बघायला पोरं उठली, कोणी डोळे चोळले, कोणी नाक, आणि बघता बघता अख्खा वर्ग भोकाड पसरून रडायला लागला. मोठे सर पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. पाण्याने तिखट जात नाही, पसरतं, हे त्यांना माहीत होतं, पण साहेबांसमोर तेही विसरले. मला हसू येत होतं आणि ते मी दाबलं नाही.

सगळा वर्ग रडत होता, एकटी रमिला कोरड्या डोळ्यांनी बघत होती. हात पाठीमागे. मी तिच्याजवळ गेले, हात पुढे ओढला आणि उघडून पाहिला. बोटांची टोकं लाल, साल निघालेली. अशा बोटाने पॉलिश पेपरवरून फिरायचं म्हणजे जखमेवर कानस. ती मठ्ठ नव्हती, हट्टीही नव्हती, तिचं बोट भाजत होतं. आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण पथारीवर सगळ्यांचीच बोटं भाजतात. त्यात सांगण्यासारखं काय असतं?

साहेबांचे डोळे तुपाचं बोट लावून निवले, पण डोकं काही निवलं नाही. जाताना त्यांनी दोन आदेश दिले. हा घरगुती प्रकार बंद करून सगळं कपाटात ठेवा, आणि पथारीची मुलं उद्यापासून व्हरांड्यात वेगळी बसवा, त्यांना गिरवायला द्या. मी म्हटलं, साहेब, हे लेखी द्या. ते म्हणाले, मी तोंडी सांगतोय. मी म्हटलं, तोंडी मला कमी ऐकू येतं. मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. लेखी काही आलं नाही. पोरांची वेगळी पंगत मांडा हे कागदावर लिहायला मोठी छाती लागते, आणि असल्या आदेशवाल्यांकडे ती नसते हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात गोडेतेलाची बाटली ठेवली. तिखट तेलात उतरतं, मग साबणाने धुतलं की जातं. आमच्याकडे हे घरोघर ठाऊक आहे. वर्गात आलं की प्रत्येकाने, पथारीचा असो की बंगल्यातला, दोन्ही तळवे पुढे करायचे. थेंबभर तेल. चोळायचं, बोटाबोटांच्या मधेही. मग साबण, मग पंचा. मग बोट जिभेला लावून बघायचं. तिखट लागलं तर परत तेल. त्यानंतरच अक्षर हातात. बंगल्यातल्या एका आईने निरोप पाठवला की आमच्या मुलाला याची गरज नाही. मी उलट निरोप पाठवला की माझ्या वर्गात सगळ्यांचे हात सारखे. चार दिवसांत पोरांना त्याचा असा नाद लागला की मी दारात दिसले की रांगेने तळवे पुढे.

रमिलासाठी मात्र तेल पुरेसं नव्हतं. शाळेसमोर एक लेडीज टेलर होता. त्याच्याकडून मखमलीच्या चिंध्या आणल्या, गडद जांभळ्या, आणि त्याची अक्षरं कापून नवा संच केला. आमचे हे रात्री जेवताना म्हणाले की घरात कात्रीला विश्रांती नाही. मखमलीवर बोट एका दिशेने मऊ जातं, उलट दिशेने अडतं. म्हणजे अक्षर चुकीच्या बाजूने गिरवलं तर मखमलच सांगते. हे मी ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं, पण श्रेय मी घेते. रमिलाने पहिल्या दिवशी 'म'वरून बोट फिरवलं, मग उलटं फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ती थांबलीच नाही. तिची भाषा मला येत नव्हती, याची खंत मला अजून आहे. इतकी वर्षं पथारीशेजारी काढली आणि पावरीतली चार वाक्यं धड शिकले नाही. पण 'म' तिच्या भाषेतही 'म'च होता.

माघ सरत आला आणि वाचन चाचणीची तारीख लागली. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, जी कुठे छापलेली सापडणार नाही. चाचणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी ठेवतात. कोणी त्याला रीत म्हणत नाही. आदल्या दिवशी फक्त निरोप जातो. त्या सकाळी मी वर्गात गेले तर पथारीच्या पोरांच्या जागा रिकाम्या. मी सरांकडे पाहिलं, सर खिडकीकडे पाहायला लागले.

मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून पथारीवर गेले. मोगीबाई ढिगाशी बसली होती, रमिला शेजारी, तोंडाला फडकं बांधून देठ खुडत होती. मोगीबाई म्हणाली, "सर बोलनात, आज सुट्टी शे."

"शाळा उघडी शे," मी म्हटलं. "मी आठे उभी शे. मंग सुट्टी कशी?"

तिने एकदा शाळेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पोरीच्या तोंडावरचं फडकं सोडलं. मग स्वतःही उठली. बाकीच्या झोपड्यांतली पोरंही निघाली. अशी आमची वरात फाटकाशी आली तेव्हा मोठे सर आडवे उभे होते. "बाई, साहेब येई ऱ्हायनात," ते हळूच म्हणाले.

"बरं व्हयनं," मी म्हटलं. "पोरं बी येई ऱ्हायनात."

तेल, साबण, पंचा. साहेब खुर्चीवर बसून ते सगळं, टेबलावरचा मखमली संचसुद्धा, बघत राहिले. या वेळी त्यांनी कशालाही हात लावला नाही. एकेक पोर पुढे बोलावून ते छापील कार्ड वाचायला देत होते. रमिलाची पाळी आली. कार्डावर होतं, 'रानात मोर नाचला.' तिने कार्ड मांडीवर घेतलं, बोट 'र'वर ठेवलं आणि गिरवायला लागली. गुळगुळीत कागदावर, जसं मखमलीवर गिरवायची तसं.

साहेब म्हणाले, "बोट काढ. डोळ्यांनी वाच."

रमिलाने बोट उचललं आणि हात पाठीमागे नेले. इतक्या दिवसांची मेहनत पाठीमागे गेली. मला जे वाटलं ते राग होता, दुसरं काही नाही.

"साहेब, बोट राहू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, बोट ठेवून वाचणं चाचणीत बसत नाही."

"तुम्ही चष्मा लावून वाचता. मी तो काढायला सांगितला नाही."

सर भिंतीकडे बघत होते. साहेबांनी चष्मा नीट केला, बराच वेळ नीट केला, आणि म्हणाले, "वाच."

रमिलाचं बोट परत आलं. रा. ना. त. रानात. मोर. 'नाचला'च्या 'ना'वर ती थांबली, मागे गेली, परत पुढे आली. मग सगळं एका दमात म्हणाली आणि साहेबांकडे न बघता दाराकडे बघितलं. दारात मोगीबाई उभी होती. साहेबांनी शेरा लिहिला, वेग कमी. लिहू दे. वेगाचं काय करायचं ते पुढे बघता आलं असतं.

साहेब गेल्यावर मोगीबाई आत आली. तिला पोरीचा आवाज ऐकून आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा संशयाचा होता. "बाई, इनी खरंच वाचं, का पाठ शे?"

मला तो प्रश्न फार आवडला. कोणत्याही साहेबाने मला तो कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, तुम्हीच शब्द सांगा, मी मांडते. तिने थोडा विचार केला, पदराआड हसली आणि माझ्या कानात सांगितलं, "मन्हं नाव मांडा." मी झाकणं घेतली, मांडली आणि बाजूला झाले. रमिलाने 'म' ओळखला, काना-मात्रा ओळखली, 'ग'वर बोट फिरवलं, आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली. आईचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं ना. मोगीबाई म्हणाली, "बोल." रमिला म्हणाली, "मोगी."

मोगीबाई खाली बसली. म्हणाली, "आते नही बसाडाव देठ खुडाले. वर आश्रमशाळामा टाकसू." मग मखमलीच्या संचाकडे बोट दाखवून विचारलं, असली अक्षरं तिथे मिळतील का? मी म्हटलं, मिळणार नाहीत. होळीच्या आधी ते डोंगरात परत निघाले तेव्हा मी तो संच फडक्यात बांधून रमिलाच्या हातात दिला.

गंमत पुढे झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला साहेबांचा फोन आला. तालुक्याला स्वनिर्मित साहित्याचं प्रदर्शन आहे, तुमच्या शाळेतला तो मखमली संच पाठवा. बंद करा म्हणणारे तेच साहेब. मोठे सर माझ्याकडे धावत आले. "बाई, तो संच कोठे शे?"

"वापरात शे."

"म्हणजे? कपाटात नही का?"

"कपाटात पेटी शे, सर. तीच पाठवा. तिला एक ओरखडासुद्धा नही."

"बाई, पण संच कोठे शे?"

"धडगावच्या वर."

सर डोकं धरून बसले. म्हणाले, पाड्यावर नेलेलं साहित्य म्हणजे गेलं समजा, चुलीत गेलं असेल, बकऱ्यांनी खाल्लं असेल. मी म्हटलं, वापरात आहे. ते म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? मला माहीत नव्हतं. तरी मी तेच परत म्हटलं. नवा संच करून द्या, असं सर दोनदा म्हणाले. मी दिला नाही. प्रदर्शनात मांडायला मी अक्षरं करत नव्हते. शेवटी पेटीच गेली, आणि ऐकलं की तिचं कौतुक झालं.

पुढचा दसरा झाला. माझं ते शेवटचं वर्ष. पथारीवर लाल चादरी पसरायला लागल्या, पहिला खोकला आला, आणि एका सकाळी मोगीबाई फाटकात उभी. रमिला बरोबर नव्हती. मी विचारलं, रमिला कुठे? मोगीबाई म्हणाली, रमिला वर आश्रमशाळेत आहे, दुसरीत. मग पदरामागून धाकटीला पुढे केलं. पाचेक वर्षांची, केसांना तेल लावलेली, कधी शाळेचं तोंड न पाहिलेली. काल संध्याकाळीच डोंगरातून उतरलेली, मिरचीला अजून हात न लागलेला.

मी तिला वर्गात नेलं, खाली बसवलं आणि खरखरीत अक्षरांचा जुना डबा तिच्यापुढे ठेवून झाकण उघडलं. अजून एक शब्द बोलले नव्हते. तेलाची बाटली अजून कपाटात होती. दुसरं पोर असतं तर डब्यात हात घातला असता, नाहीतर रडलं असतं.

त्या पोरीने अक्षरांकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

वर डोंगरात, त्यांच्या घरी, खुडायला मिरची नाही. तरी तिथे कोणीतरी तिला रोज सांगत होतं की आधी हातावर तेल, मग अक्षर. मी दाराशी गेले आणि मोठ्या सरांना हाक मारली. ते हातातलं काम टाकून आले.

"सर, तुमना संच सापडी गया," मी म्हटलं. "ती बाटली काढा, आणि इन्हा हातवर तेल तुम्हीनच टाका."